घरचा स्विमिंग पूल क्लोरीनवर कसा आणायचा? पाणी नितळ ठेवण्याची पूर्ण माहिती

बंगल्यात किंवा फार्महाऊसवर छोटा स्विमिंग पूल असलेल्या बऱ्याच घरांत आजही एकच पद्धत चालते. पाणी हिरवट झालं की मोरचूद टाकायचं, गढूळ झालं की तुरटी फिरवायची आणि दोन्ही चाललं नाही की सगळा पूल रिकामा करून टँकर मागवायचा. मोरचुदातल्या तांब्याने शेवाळ दबतं आणि तुरटीने गाळ खाली बसतो. पण पोहणाऱ्यांच्या अंगावरून पाण्यात आलेले जंतू झटपट मारण्याचं काम या दोघांचंही नाही. म्हणजे पाणी नितळ दिसेल, पण सुरक्षित असेलच असं नाही.

क्लोरीन ते काम करतं, फक्त अंदाजाने टाकून चालत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे कर्जतजवळ मामांकडचा पूल क्लोरीनवर आणताना आधी आकडे मांडले. तेच आकडे उदाहरण म्हणून घेऊया.

आधी पूलचं माप काढा

लांबी × रुंदी × सरासरी खोली (सगळं फुटांत) × २८.३ = लिटर.

मामांचा पूल २० × ९ फूट, सरासरी खोली ४ फूट. म्हणजे ७२० घनफूट, साधारण २० हजार लिटर. पूर्ण बदलायचा तर १० हजार लिटरचे दोन टँकर, तेही मे महिन्यात!

पाण्यातलं क्लोरीन पीपीएममध्ये मोजतात. १ पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम. २० हजार लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला २० ग्रॅम क्लोरीन लागतं. तुमचा पूल १० हजार लिटरचा असेल तर खालचे सगळे डोस निम्मे करा.

कोणतं क्लोरीन घ्यायचं?

१. लिक्विड (सोडियम हायपोक्लोराइट): २०२० मध्ये रस्त्यांवर फवारलं जायचं तेच. १० टक्क्यांचं असेल तर १ पीपीएमसाठी २०० मिली. मागे गाळ राहत नाही. पण उन्हात आणि उष्णतेत त्याची ताकद कमी होते, म्हणून ताजा कॅन घ्या, सावलीत ठेवा, वर्षभराचा साठा करू नका.

२. टीसीसीए ९० (गोळ्या किंवा पावडर): दुकानात बहुतेक वेळा हेच हातात दिलं जातं. १ पीपीएमसाठी साधारण २२ ग्रॅम. वापरायला सोपं, पण यात एक छुपा हिशोब आहे, तो पुढे सांगतो.

३. कॅल्शियम हायपोक्लोराइट (६५ टक्के): १ पीपीएमसाठी साधारण ३१ ग्रॅम. पाण्याचा जडपणा वाढवतं. बोअरचं पाणी आधीच जड असेल तर टाइल्सवर पांढरे थर चढतात.

४. टीसीएल पावडर: गावात विहिरीत टाकतात ती. त्यात चुना बराच असतो, त्यामुळे पूल दुधाळ होतो. घरच्या पूलसाठी टाळा.

स्टॅबिलायझरचा छुपा हिशोब

उघड्या पूलमध्ये कडक ऊन पडलं की नुसतं क्लोरीन दोन तासांत बहुतेक उडून जातं. ते टिकावं म्हणून सायन्युरिक ॲसिड टाकतात. बाजारात त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. ३० ते ५० पीपीएम पुरेसं होतं.

टीसीसीएमध्ये हे स्टॅबिलायझर आधीच असतं. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात जातं. क्लोरीन खर्च होतं, स्टॅबिलायझर तिथेच राहतं. रोज २ पीपीएम धरा. महिन्याला ३६ पीपीएम आणि चार महिन्यांत जवळपास १४४! स्टॅबिलायझर इतकं वाढलं की क्लोरीन त्याच्यातच अडकून पडतं. किटमध्ये क्लोरीन भरपूर दिसतं आणि तरी पाणी हिरवं होतं. मग लोक म्हणतात, "औषधच डुप्लिकेट आहे." औषध चांगलंच असतं, पाणी भरून गेलेलं असतं.

यावर घरगुती उपाय एकच, पाणी बदलणं. १०० वरून ५० वर यायला आमच्या पूलमधलं निम्मं पाणी, म्हणजे एक पूर्ण टँकर लागेल. म्हणून मामांकडे स्टॅबिलायझर एकदाच मोजून टाकलं (३० पीपीएमसाठी ६०० ग्रॅम) आणि रोजच्या डोससाठी लिक्विड ठरवलं. टीसीसीए फक्त चार दिवस बाहेरगावी जायचं असेल तेव्हा.

क्लोरीनवर आणण्याच्या पायऱ्या

१. मोरचूद आणि तुरटी बंद करा. तांबं पाण्याबरोबर उडून जात नाही, साचत राहतं. पीएच जास्त असताना क्लोरीन वाढवलं तर टाइल्सवर डाग पडू शकतात. वर्षानुवर्षं मोरचूद पडलं असेल तर सुरुवातीलाच निम्मं पाणी बदला.

२. पानं आणि गाळ काढा. भिंती ब्रशने घासा. शेवाळाच्या थराखाली क्लोरीन पोहोचत नाही.

३. पीएच ७.२ च्या आसपास आणा. पीएच ७.५ ला साध्या पाण्यातलं साधारण निम्मं क्लोरीन जोरकस रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. तुरटीने पाण्याची अल्कलिनिटी उतरलेली असते. ती ८० पीपीएमच्या खाली असेल तर खाण्याचा सोडा टाका: १० पीपीएमसाठी साधारण ३४० ग्रॅम.

४. स्टॅबिलायझर जुन्या मोज्यात भरून पाणी परत येतं त्या तोंडासमोर टांगा. पूर्ण विरघळायला काही दिवस लागतात.

५. सूर्य मावळल्यावर क्लोरीन १२ पीपीएमपर्यंत न्या (१० टक्क्यांचं लिक्विड २.४ लिटर). पंप चालू ठेवा. रोज मोजा आणि कमी झालं तेवढं पुन्हा भरा. क्लोरीन ५ पीपीएमच्या खाली येईपर्यंत पोहायला बंदी.

झालं की नाही, कसं ओळखायचं?

मला ही सगळ्यात आवडलेली चाचणी, अगदी डीबगिंगसारखी. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा. पहाटे ऊन यायच्या आधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, कुणी पोहत नाही. तरीही १ पीपीएमपेक्षा जास्त कमी झालं असेल तर ते शेवाळ किंवा इतर घाण खात आहे. पायरी ५ चालू ठेवा. घट १ च्या आत आली, संयुक्त क्लोरीन ०.५ च्या आत आलं आणि पाणी नितळ झालं की तुमचा पूल क्लोरीनवर आला.

मोजताना

ओटी चाचणीत पाणी पिवळं होतं, पण त्यात मुक्त आणि संयुक्त क्लोरीन एकत्रच दिसतं. डीपीडी किट दोन्ही वेगळं दाखवतं, ते घ्या. मात्र क्लोरीन खूप जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंगच उडतो आणि शून्य असल्यासारखं वाटतं. अशा वेळी एक भाग पूलचं पाणी, दोन भाग आरओचं पाणी मिसळून मोजा आणि उत्तराला ३ ने गुणा.

पट्टीचा फोटो काढायचा असेल तर दिवसा सावलीत, रंगतक्ता त्याच फ्रेममध्ये ठेवून काढा. पिवळ्या बल्बखाली फोन रंग बदलतो. तारीख, पीएच, क्लोरीन आणि डोस फोनच्या नोट्समध्ये लिहीत जा. महिन्याभराने तुमच्या पूलची सवय त्यातूनच कळेल.

रोजचं काम

- मुक्त क्लोरीन ३ ते ५ पीपीएम. आमच्या पूलला रोज साधारण ४०० ते ६०० मिली लिक्विड, संध्याकाळी.
- पीएच ७.२ ते ७.८.
- पंप रोज ६ ते ८ तास. फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा ८ ते १० पीएसआय वाढला की बॅकवॉश.
- पावसाळ्यात पूल ओसंडला की स्टॅबिलायझरही वाहून जातं. पाऊस ओसरल्यावर पुन्हा मोजा.

नेहमीचे प्रश्न

क्लोरीनचा उग्र वास येतोय, कमी करू का? तो वास बहुतेक वेळा घाम आणि लघवीशी क्लोरीनची क्रिया होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. अशा वेळी क्लोरीन बहुधा कमीच पडत असतं. आधी मोजा. पोहण्याआधी सगळ्यांनी अंघोळ केली तरी खूप फरक पडतो.

क्लोरीन टाकताच पाणी चहासारखं झालं? बोअरच्या पाण्यातलं लोह क्लोरीनने गंजतं. फिल्टर चालू ठेवा, बॅकवॉश करा.

क्लोरीन सगळे जंतू मारतं का? बहुतेक काही मिनिटांत मरतात. पण जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम नेहमीच्या क्लोरीनमध्येही सात दिवसांपेक्षा जास्त टिकतो. जुलाब झालेल्या मुलाला पूलमध्ये उतरवू नका.

या चार गोष्टी विसरू नका

१. ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, एकाच मगाने मोजूही नका. विषारी वायू तयार होतो.
२. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. डबे वेगवेगळ्या जागी ठेवा.
३. औषध पाण्यात टाका, पाणी औषधावर ओतू नका.
४. काठावर उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर कुणालाही उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल वरून दिसत नाही. रीडिंग कितीही चांगलं आलं तरी हा नियम मोडायचा नाही.