स्थिरविद्युत् हेडफोन : गुण आणि मोल

१९२७ सालच्या २३ जुलै रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां ज्याच्या घरीं साधा स्फटिकाचा संच असे त्याला गाणें ऐकण्यासाठीं कानांवर हेडफोन चढविल्याखेरीज गत्यंतर नव्हतें. त्या संचांत आवाज मोठा करण्याची शक्तीच नव्हती. तारेवाटे आलेली क्षीण कुजबूज कानाशीं नेऊन पोंचविणें एवढेंच त्या उपकरणाचें काम. पुढें लाउडस्पीकर घरोघर आले आणि हेडफोन मुख्यतः टेलिफोनच्या कचेऱ्या, जहाजें व विमानें यांच्यापुरते उरले. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेच पुन्हां दिवाणखान्यांत आले, आणि या वेळीं गरज म्हणून नव्हे, तर शौक म्हणून. त्या शौकाच्या शिखरावर जाऊन बसले ते स्थिरविद्युत् हेडफोन. त्यांतील एका जोडाची किंमत तर चांगल्या मोटारगाडीच्या किंमतीला भिडली आहे. असें त्यांत काय आहे, आणि जें आहे त्यासाठीं काय काय सोडावें लागतें, हें समजून घ्यावयाचें तर त्यांच्या पोटांतील एका पापुद्र्यापासून आरंभ केला पाहिजे.

नेहमींच्या हेडफोनांत पातळ पडद्याला तारेचें एक वेटोळें चिकटविलेलें असतें, आणि तें लोहचुंबकाच्या फटींत अधांतरीं धरलेलें असतें. वेटोळ्यांतून गाण्याचा विद्युत्प्रवाह वाहूं लागला कीं तें मागेंपुढें हलतें व पडद्याला आपल्याबरोबर ओढतें. १९२५ सालीं चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनीं या तत्त्वावरील लाउडस्पीकर जगापुढें मांडला. १९३७ सालीं बर्लिनच्या बायर कारखान्यानें ‘डीटी ४८’ हा हेडफोन त्याच तत्त्वावर काढला. ही रचना दणकट, स्वस्त आणि गुणी. आजही जगांतील बहुतेक हेडफोन याच जातीचे आहेत. पण तिच्यांत एक मूळचें वैगुण्य आहे. पडदा ओढला जातो तो जेथें वेटोळें चिकटलें आहे तेथेंच; उरलेला भाग आपल्या मर्जीप्रमाणें वांकतो, थरथरतो. शिवाय वेटोळ्याचें ओझें पडद्यावर असतेंच. ओझें घेऊन धांवणाऱ्या हमालाला एकदम ‘थांब’ म्हटलें तरी तो दोन पावलें पुढें जातोच. स्वर थांबल्यावर अशा पडद्याची गत कांहींशी तशीच होते.

स्थिरविद्युत् हेडफोनांत वेटोळें नाहीं आणि लोहचुंबकही नाहीं. प्लास्टिकचा एक अत्यंत तलम पडदा चौकटीवर ताणून बसविलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक ते दोन सहस्रांशाएवढी; माणसाचा केंस त्याहून निदान तीस पट जाड भरेल. पडद्यावर विजेला फिरतां यावें असा सूक्ष्म लेप देऊन त्यावर कायमचा विद्युद्भार ठेवतात. जपानच्या स्टॅक्स कारखान्याच्या अलीकडच्या हेडफोनांत यासाठीं ५८० व्होल्टांचा दाब वापरतात. पडद्याच्या दोन्ही अंगांना, सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर, दोन सच्छिद्र चकत्या असतात. गाण्याचा विद्युद्दाब या चकत्यांना मिळतो, आणि ज्या क्षणीं एक चकती पडद्याला ओढते त्याच क्षणीं दुसरी त्याला ढकलते. हें बळ कोठल्या एका वर्तुळावर पडत नाहीं; पडद्याच्या अंगभर सारखें पडतें. आणि पडद्याला वजन म्हणावें असें वजनच नाहीं. दीड सहस्रांश मिलिमीटर जाडीचा असा पडदा तेवढ्याच क्षेत्रफळाच्या पावणेदोन मिलिमीटर हवेच्या थराइतका भरतो. हवा हलविण्यासाठीं जणूं हवेचाच पडदा केला, असें म्हटलें तरी चालेल.

ही कल्पना जवळजवळ टेलिफोनइतकीच जुनी आहे. अमेरिकेंतील टफ्ट्स कॉलेजचे अध्यापक एमॉस डॉल्बेअर यांनीं १८८१ सालीं, एकमेकींजवळ ठेवलेल्या धातूच्या दोन चकत्यांतून बोलणें ऐकविणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. परंतु टेलिफोनच्या हक्कांवरून बेल कंपनीशीं त्यांचा दावा जुंपला, आणि १८८८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं बेलच्या बाजूनें निकाल दिला. डॉल्बेअर यांच्या चकत्या मागें पडल्या. १९१७ सालीं ई. सी. वेंट यांनीं हेंच तत्त्व उलट्या बाजूनें वापरून कंडेन्सर मायक्रोफोनची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे आवाज टिपण्याच्या कामीं तें लवकर रुजूं झालें; आवाज काढण्याच्या कामीं मात्र अडून राहिलें. १९२२ सालीं बर्लिन येथें फोग्ट, एंगल व मासोल या तिघांनीं आपला बोलका चित्रपट दाखविला, तेव्हां त्यांचे ध्वनिक्षेपक याच जातीचे होते. वेटोळ्याला जगमान्यता मिळवून देणाऱ्या केलॉग यांनीं स्वतः १९३४ सालीं स्थिरविद्युत् लाउडस्पीकरचें पेटंट मिळविलें. तरीही बाजारांत वेटोळेंच जिंकलें.

अडचणी दोन होत्या. एक पदार्थाची : तलम, चिवट आणि वर्षानुवर्षें ताण धरून राहील असा पडदा आणावयाचा कोठून? दुसरी गणिताची : पडदा एका चकतीजवळ सरकला कीं ओढ वाढे आणि आवाजाचें रूप बिघडे. पहिली अडचण १९५० नंतर बाजारांत आलेल्या पॉलिएस्टरच्या पापुद्र्यांनीं दूर केली. दुसरीचें उत्तर हार्वर्ड विद्यापीठाचे फ्रेडरिक हंट यांच्या १९५४ सालच्या ग्रंथांत मिळतें : पडद्यावरील विद्युद्भार आंतबाहेर जाऊं न देतां स्थिर राखला, तर त्यावरचें बळ पडदा कोठें आहे यावर अवलंबून राहत नाहीं. इंग्लंडांत पीटर वॉकर यांनीं हीं दोन्हीं उत्तरें एकत्र आणलीं आणि १९५७ सालीं ‘क्वाड’ हा संपूर्ण स्वरपट्टा वाजविणारा स्थिरविद्युत् लाउडस्पीकर विक्रीस काढला. त्याच्या स्वच्छ आवाजाची कीर्ति आजतागायत टिकून आहे. पण त्याला मोठा पत्रा लागे, खोलींत ऐसपैस जागा लागे, आणि खालचे भारदस्त स्वर मोठ्यानें वाजवावयाचे म्हटलें कीं तो थकून जाई.

नेमक्या याच ठिकाणीं हेडफोनची सोय दिसून येते. लाउडस्पीकरला दालनभर हवा हलवावी लागते. हेडफोनला हलवावयाची ती चहाच्या पेल्यांत मावेल एवढीच. जें तत्त्व मोठ्या संसारांत अपुरें पडत होतें, तें या छोट्या घरकुलांत पुरून उरण्यासारखें होतें. हें ओळखलें तोकियोच्या एका लहान कारखान्यानें. नाओताके हायाशी यांनीं १९३८ सालीं स्थापन केलेला हा कारखाना कंडेन्सर जातीचे मायक्रोफोन व ग्रामोफोनचे पिकअप बनवीत असे. त्यानें १९५९ सालीं आपला स्थिरविद्युत् हेडफोन प्रदर्शनांत मांडला आणि पुढच्या वर्षीं ‘एसआर १’ या नांवानें तो बाजारांत आणला. त्याला हेडफोन न म्हणतां ‘ईअरस्पीकर’, म्हणजे कानाचा ध्वनिक्षेपक, असें नांव स्टॅक्सनें दिलें व तें अभिमानानें पुढें चालविलें. अमेरिकेंत मिलवॉकीच्या कॉस कंपनीनें १९६८ सालीं ‘ईएसपी ६’ काढला. त्याचे ट्रान्सफॉर्मर कानावरच्या वाट्यांतच बसविलेले असल्यानें तो डोक्याला चांगलाच भार होई. जर्मनींत सेन्हायझर कंपनीनें १९९१ सालीं ‘ऑर्फेअस’ या नांवानें केवळ तीनशें संच काढले. त्यांची किंमत दहा हजार डॉलरांच्या वर होती. २०१५ सालीं त्याच कंपनीनें त्याचा वारस जाहीर केला. त्याचा ध्वनिवर्धक करारा येथील संगमरवरांत बसविलेला, त्यांत आठ निर्वात नळ्या, पडदा २.४ सहस्रांश मिलिमीटरचा, आणि मोल सुमारें ५०,००० युरो.

एवढें मोल देऊन पदरांत काय पडतें? पहिलें म्हणजे स्वराचा आरंभ आणि अंत. हलका पडदा तत्काळ हलतो आणि तत्काळ थांबतो. म्हणून तबल्याच्या चाटेवर बोट पडल्याचा क्षण आणि त्यामागून उमटणारा नाद, हे दोन्ही वेगवेगळे कळतात. तंबोऱ्याच्या जवारींत सुताच्या धाग्यानें फुलणारे वरचे स्वर एकमेकांत न मिसळतां ऐकूं येतात. गवयाचा श्वास, व्हायोलिनच्या गजावरील राळेची खरखर, दालनाच्या भिंतींवरून परतणारा पडसाद, अशा बारीक गोष्टी गाण्याच्या मागें दडून राहत नाहींत. दुसरें म्हणजे शांतता. यंत्राची स्वतःची भर अत्यल्प असल्यानें स्वरांच्या मधली जागा खरोखर रिकामी भासते, आणि तासन् तास ऐकूनही कान शिणत नाहीं, असें रसिक सांगतात. ज्यानें एकदां असें ऐकलें त्याला दुसरें कांहीं गोड लागत नाहीं, हा त्यांचा शब्द अतिशयोक्तीचा असेल. पण निराधार नाहीं.

आतां दुसरी बाजू. ज्या हलकेपणांतून हे गुण निघाले, त्याच हलकेपणांतून बहुतेक सर्व दोषही निघाले आहेत. पडद्याला हलण्यास जागा अर्ध्या मिलिमीटरची. ती वाढविली तर बळ घटतें. बळासाठीं दाब वाढविला तर हवाच तो सोसत नाहीं, कारण कोरड्या हवेंतून दर मिलिमीटरला सुमारें ३,००० व्होल्टांपलीकडे ठिणगी उडूं लागते. म्हणून खर्जाचे स्वर स्पष्ट येतात, पण पखवाजाची थाप जशी छातीवर आदळावी तशी ती आदळत नाहीं. साध्या हेडफोनला एकदोन व्होल्ट पुरतात. यांच्या चकत्यांना शेंकडों व्होल्ट लागतात. त्यासाठीं स्वतंत्र ध्वनिवर्धक हवा, तो भिंतींतल्या विजेशीं जोडलेला हवा, आणि त्याची खुंटी दुसऱ्या कोणत्याही यंत्राला बसत नाहीं. चांगला ध्वनिवर्धक पुष्कळदां हेडफोनहून महाग पडतो. नाकापेक्षां मोतीं जड होतें तें असें.

दमटपणा हा तिसरा शत्रु. पडद्यावरील भार टिकतो तो आजूबाजूचा भाग कोरडा असेल तोंवर. घाम, बाष्प किंवा धुळीचा एखादा कण आंत शिरला कीं भार झिरपूं लागतो; मग एका कानाचा आवाज दुसऱ्याहून मंद होतो, किंवा चरचर ऐकूं येते. मुंबई-कोंकणासारख्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने अशा यंत्राला जिवापाड जपावें लागेल. शिवाय बहुतेक स्थिरविद्युत् हेडफोन बाहेरच्या अंगानें उघडे असतात. आंतलें गाणें शेजाऱ्याला ऐकूं जातें आणि रस्त्यावरची गडबड आंत येते. आगगाडींत, कचेरींत किंवा चारचौघांच्या घरांत त्यांचा उपयोग नाहीं. त्यांना निवांत खोली हवी आणि रिकामा वेळ हवा. त्यांची सत्यनिष्ठाही कधीं कधीं त्रासदायक होते. जुन्या ध्वनिमुद्रिकेंतील खरखर, मुद्रकाची चूक, गवयाचा चुकलेला सूर, यांपैकीं कशावरही तीं पांघरूण घालीत नाहींत. ज्या मुद्रणावर मनुष्यानें जन्मभर प्रेम केलें, त्यांतील वैगुण्य असें उघडें पडावें, हें प्रत्येकाला रुचेलच असें नाहीं.

या सर्वांहून खोल अडचण उपजीविकेची आहे. इतक्या नाजूक वस्तूला घेणारे थोडे, आणि ती बनविण्याचें कसब त्याहून थोड्यांच्या हातीं. स्टॅक्सनें पस्तीस वर्षें हें एकच व्रत चालविलें, पण १९९५ सालीं तो कारखाना दिवाळ्यांत निघाला. अशा वेळीं केवळ एक दुकान बंद होत नाहीं. ज्यांनीं आपली पुंजी घालून तीं यंत्रें घेतलीं होतीं, त्यांच्या घरचे ध्वनिवर्धक व हेडफोन एका दिवसांत पोरके होण्याची वेळ येते, कारण दुसऱ्या कोणाचा पडदा त्यांत बसत नाहीं. सुदैवानें १९९६ सालीं त्याच नांवाची नवी, लहान कंपनी उभी राहिली, आणि १९९८ सालीं तिनें ‘एसआर ००७’ हा नामांकित हेडफोन काढला. २०११ सालीं चीनच्या एडिफायर कंपनीनें ती विकत घेतली. तरी स्टॅक्स हें नांव आणि हें काम दोन्ही चालूच राहिलें. २०२१ सालचा ‘एसआर एक्स ९०००’ त्याच परंपरेंतला.

दरम्यान वेटोळ्याचे हेडफोनही सुधारत गेले, आणि चापट पडद्यावर तारेची नक्षी छापून चुंबकानें हलविणारी तिसरी जातही पुष्कळ पुढें आली. साध्या व उत्तम यांतलें अंतर थोड्या पैशांत ओलांडतां येतें. उत्तम व अत्युत्तम यांतलें अंतर लहान, पण त्याचें मोल अवाढव्य. तें द्यावें कीं नाहीं, याचा निवाडा शास्त्र करूं शकत नाहीं. शास्त्र एवढेंच सांगतें कीं पडद्याचें ओझें नाहींसें झालेलें नाहीं. तें पडद्यावरून उतरलें आणि ध्वनिवर्धकावर, जपणुकीवर व खिशावर जाऊन बसलें.

१९२७ सालीं स्फटिकाच्या संचापुढें बसलेला श्रोता श्वास रोखून ऐकत असे, कारण यंत्र दुबळें होतें व स्वर निसटून जाण्याची धास्ती होती. आजचा शौकीन संगमरवराच्या पेटीपुढें बसून तसाच श्वास रोखतो, कारण यंत्र इतकें समर्थ आहे कीं कांहींच निसटूं नये असें त्याला वाटतें. मध्यंतरीं यंत्र कोठल्या कोठें गेलें. पण ऐकणाऱ्यानें गप्प बसून कान द्यावा, ही त्याची अट मात्र तेव्हां होती तीच आजही आहे.