पाठभेद आणि जिवाणू : एका अपरिचित रोगाच्या निदानाचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. त्यातून पाहून कोणी घाईने "दिसले, सर" म्हणाला की ते विचारीत, "काय दिसले ते सांग." पुढे मी मराठीकडे वळलो आणि हस्तलिखितांतील पाठभेद ताडून पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. असे असता आज मी 'मेलिऑयडोसिस' नामक रोगाच्या निदानाचा इतिहास सांगू धजतो, याला एक घरगुती कारण आहे. ते ओघाने येईलच.

सन १९११ ची गोष्ट. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. रंगूनच्या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहायक सी. एस. कृष्णस्वामी यांना शवविच्छेदन करताना काही देहांत एक विलक्षण विकृती आढळू लागली. फुप्फुसे ठिकठिकाणी घट्ट झालेली आणि यकृत, प्लीहा यांत पुवाची गळवे. मृतांपैकी बरेचजण मॉर्फिनच्या आहारी गेलेले, निराधार लोक होते. पुवातून वाढविलेला जिवाणू ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या जिवाणूशी फार मिळताजुळता होता. ग्लँडर्स क्वचित माणसालाही होतो. तेव्हा 'ग्लँडर्स' असे लिहून प्रकरण मिटविता आले असते, आणि अशा अनाथ मृतांविषयी कोणी विचारणारही नव्हते.

त्या दोघांनी मात्र साम्यावर न थांबता भेद नोंदविले. ग्लँडर्सचा जिवाणू अचल असतो, हा हालचाल करीत होता. पोषक आगरावर तो अधिक जलद आणि अधिक भरघोस वाढत होता. सन १९१२ मध्ये 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये त्यांनी अडतीस रुग्णांच्या आधारे हा पूर्वी न वर्णिलेला रोग जगापुढे मांडला. १९२१ साली क्वालालंपूरच्या स्टँटन आणि फ्लेचर यांनी त्याला 'मेलिऑयडोसिस' हे नाव दिले. ग्रीकमध्ये 'मेलिस' म्हणजे गाढवांचा एक रोग. त्यावरून 'त्यासारखा' असा या नावाचा अर्थ. जिवाणूच्या 'स्यूडोमॅलिआय' या नावातही 'खोटा ग्लँडर्स' हाच भाव आहे. ज्या साम्याने चकवा दिला, ते साम्य नावातच कायमचे राहिले.

पोथी वाचणाऱ्याला हा चकवा परिचित आहे. नेहमीचा शब्द अपेक्षित असला की डोळा तोच वाचतो, आणि वेगळे अक्षर आलेच तर ते लेखनिकाचा प्रमाद समजून आपण 'शुद्ध' करून टाकतो. प्रयोगशाळेत तसेच घडते. हा जिवाणू माती आणि पाण्यात राहणारा. त्याच कुळातले कितीतरी निरुपद्रवी जिवाणू नमुन्यात बाहेरून शिरतात. त्यामुळे संवर्धनाच्या बशीत तो उगवला तरी 'नमुना दूषित' असा शेरा मारून बशी टाकून दिली जाण्याचा धोका असतो. शिवाय त्याची ओळख पटविणारे रूप यायला काही दिवस लागतात. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील अ‍ॅशडाउन यांनी यासाठी एक खास माध्यम सिद्ध केले. त्यात जेंटामायसिन हे प्रतिजैविक घातलेले असते. इतर बहुतेक जिवाणू त्याने दबतात. हा बहुधा टिकतो आणि त्याच्या जांभळट, सुरकुतलेल्या वसाहती उमटतात. संवर्धन हेच आजही निर्णायक प्रमाण आहे. पण तेही सुमारे साठ टक्के रुग्णांतच जिवाणू पकडते. म्हणून एकदा सापडला नाही, म्हणजे तो नाहीच, असे म्हणता येत नाही.

निदानाचे महत्त्व एवढ्याचसाठी की त्यावर औषध आहे. ईशान्य थायलंडमध्ये झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सेफ्टाझिडीममुळे गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण चौऱ्याहत्तरवरून सदतीस टक्क्यांवर आले. शिरेतून औषध दिल्यानंतर पुढे निदान तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. क्षयाची नेहमीची औषधे येथे उपयोगी पडत नाहीत.

भारतातील पहिला रुग्ण १९९१ साली मुंबईहून नोंदला गेला. तो एक बालक होता. त्यानंतर कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, उडुपी-मंगळूर भागात, अनेक रुग्ण ओळखले गेले. २०१६ च्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे एक लाख पासष्ट हजार लोकांना हा रोग होतो आणि एकोणनव्वद हजार दगावतात. पावसाळा, चिखलातली भातशेती आणि मधुमेह ही त्याची अनुकूल परिस्थिती. यांतली कोणती गोष्ट आपल्या बेळगाव-खानापूरला परकी आहे?

आता ते घरगुती कारण. माझा धाकटा भाऊ खानापूर तालुक्यात भातशेती करतो. त्याला मधुमेह आहे. काही वर्षांपूर्वी त्याला ताप आणि खोकला जडला. क्षय ठरला, गोळ्या सुरू झाल्या. चार महिने झाले तरी तो खंगतच गेला. "दादा, हे औषध मला लागू पडत नाही," असे तो म्हणे, आणि मी थोरलेपणाच्या अधिकाराने त्याला धीर धरण्याचा उपदेश करी. त्याच्या मांडीवरील गळवाचा पू एकदा तपासला गेला होता. अहवालात 'दूषित नमुना' एवढेच होते. पुढे दुसऱ्या ठिकाणी एका तरुण तपासनिसाने पुन्हा नमुना मागविला, बशी आणखी काही दिवस राखली आणि जिवाणूचे नाव लिहिले. भाऊ वाचला. आज तो पहिल्या रांगेत बसला आहे.

जन्मभर मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की न जुळणारा पाठ फेकू नका, तोच कदाचित मूळचा असेल. घरी मात्र भाऊ तोंडाने न जुळणारा पाठ सांगत होता, आणि मी त्यालाच शुद्ध करीत बसलो होतो. गुरुजी असते तर त्यांनी मला तोच जुना प्रश्न विचारला असता. त्याचे उत्तर द्यायला मला चार महिने उशीर झाला, हे त्यांच्या स्मृतीपुढे कबूल करतो आणि आपली रजा घेतो.