तेवीस हिरवे ठिपके

रात्री २ : अजून आठ तास

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. अधिक महिना सरत आलेला, जावयाला वाण द्यायचं म्हणून आईने अनारशाचं पीठ भिजवून ठेवलेलं. माझी पाळी दोनला सुरू झाली. ऑफिस म्हणजे डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या घरातलं, पलंग आणि शिलाई मशीन यांच्या बेचक्यातलं टेबल. लॉकडाऊनपासून सगळे असेच कुठेतरी बसत होते.

समोर २३ ठिपके. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत पसरलेल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या शाखा. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक शाखेतल्या राउटरला दर मिनिटाला हाक मारतं आणि किती मिलिसेकंदांत ओ आली ते लिहून ठेवतं. वेळेत आली तर ठिपका हिरवा, रेंगाळली तर पिवळा, लागोपाठ पाच हाका वाया गेल्या तर लाल आणि फोनवर भोंगा. हे काम गुराख्यासारखं असतं. गुरं चरत असतात, तुम्ही बसून असता, आणि तुमचा पगार त्या एका क्षणासाठी असतो जेव्हा एखादं वासरू दिसत नाही.

दोन वाजता २३ च्या २३ हिरवे होते.

यातला एक हिरवा मात्र उसना होता. वागळे इस्टेटमधल्या मुख्य केंद्राची फायबर शनिवारी संध्याकाळी रस्त्याच्या खोदकामात तुटली होती. सगळी ये-जा गच्चीवरच्या वायरलेस जोडणीवर गेली आणि तिने ती बिनतक्रार उचलली. ‘सोमवारी दुपारपर्यंत जोडतो’ असं लाईनवाल्याने सांगितलं, म्हणून मी फायबरचा अलार्म सोमवारी बारापर्यंत स्नूझ केला. पडद्याच्या कोपऱ्यात ‘स्नूझ केलेले दाखवू नका’ अशी एक खूण असते. ती मी कधीकाळी केली होती आणि विसरलो होतो.

पहाटे : सहा तास, पाच तास

लिहिण्यासारखं काही घडलं नाही. अंबरनाथच्या शाखेची ओ साडेचारला जरा उशिरा आली, मग सुधारली. मी चहा केला.

आमच्याकडून डोंगरापलीकडे, ऐरोलीला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर राज्य भार प्रेषण केंद्र आहे. तिथेही रात्रपाळी होती आणि तिथेही पडदाच होता, फक्त भिंतभर. त्यावर महाराष्ट्राचं अख्खं वीजजाळं दिसतं: कुठल्या वाहिनीवरून किती मेगावॉट वाहतायत, कुठला ब्रेकर बंद, कुठला उघडा. आकडे काही सेकंदांनी बदलतात. आणि सगळ्यात वर फ्रीक्वेन्सी. ती ५० हर्ट्झच्या आसपास, नियमाप्रमाणे ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची. आमच्या मिलिसेकंदांचा हा मोठा भाऊ. मागणी वाढली की तो आकडा खाली सरकतो, निर्मिती वाढली की वर. देशाच्या जाळ्याची नाडी त्या दोन दशांशांत कळते.

त्या भिंतीवर कळवा आणि पडघा या दोन नावांना फार वजन आहे. पडघा भिवंडी तालुक्यात. चंद्रपूरची वीज सुमारे साडेसातशे किलोमीटरच्या एकदिश (डीसी) वाहिनीवरून तिथे उतरते. पडघ्याहून ४०० केव्हीच्या दोन सर्किटांवरून ती कळव्याला येते आणि तिथून ठाणे, मुंबईकडे फुटते. खारघरकडूनही मुंबईला एक वाट आहे. मुंबई बेट आहे हे आपण भूगोलात शिकतो. विजेच्या बाबतीत ते जास्तच खरं आहे, कारण आत यायच्या वाटा बोटावर मोजण्याइतक्या.

त्या सकाळी पडघा-कळव्याचं सर्किट १ देखभालीसाठी बंद होतं. भार सर्किट २ वर होता.

सकाळी ८ : दोन तास

पाणी आलं, दूध आलं. लोकल अत्यावश्यक सेवेतल्यांसाठीच चालू होत्या, त्यामुळे डोंबिवली स्टेशनातली ती प्रसिद्ध गर्दी नव्हती. पण सोमवार तो सोमवारच. आठनंतर जाळ्यावरचा भार चढायला लागतो. गिझर, पंप, मग ऑफिसं, मग ऑक्टोबर हीटमुळे एसी. घराघरांत लॅपटॉप उघडले. मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा चालू होत्या. आमच्या मजल्यावरची एक मुलगी हॉटस्पॉट तपासून तयार बसली होती.

माझ्या पडद्यावरही भार चढत होता. शाखा उघडल्या, स्वॅबचे अहवाल वागळेच्या सर्व्हरकडे धावू लागले. वागळेची सरासरी ३८ मिलिसेकंद. सरासरी! चोवीस तासांची सरासरी काढली की रात्रीची शांतता सकाळच्या धापेला झाकते. ताशी आलेख उघडला असता तर साडेआठपासून ते वायरलेस १४० ला टेकून खाली येताना दिसलं असतं. मी उघडला नाही. ठिपका हिरवा होता.

सकाळी ९ : एक तास

नऊला टीमच्या लीडचा पुण्याहून फोन.

“काय सर, शांत ना सगळं?”

“हो मॅडम, तेवीसही हिरवे.”

हे वाक्य मी खोटं बोललो नाही.

सकाळी १०

दहाच्या सुमारास सर्किट २ मध्ये बिघाड झाला. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी हेच सांगितलं: एक सर्किट देखभालीत, भार दुसऱ्यावर, आणि दुसऱ्यात तांत्रिक बिघाड. टाटा पॉवरच्या निवेदनात कळवा आणि खारघर इथलं उपकेंद्रांचं एकाच वेळचं ट्रिपिंग आणि त्यामुळे मुंबईच्या जाळ्यात घसरलेली फ्रीक्वेन्सी यांचा उल्लेख होता.

वाट बंद झाली म्हणून वीज थांबत नाही, ती उरलेल्या वाटांवर कोसळते. त्या वाटा आपला जीव वाचवायला ट्रिप होतात. ते त्यांचं कामच. मग आत उरते मुंबईची स्वतःची निर्मिती आणि तिच्या मानाने फार मोठी मागणी. अशा वेळी शहर बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर तगवायचं, यासाठी ऐंशीच्या दशकापासून मुंबईत ‘आयलंडिंग’ची योजना आहे. तिचं इतकं कौतुक ऐकलेलं की मुंबईला लाईट जातच नाही, अशी आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांची असूयायुक्त समजूत होती. त्या सकाळी योजना चालली नाही. सुमारे २,२०० मेगावॉटचा भार गेला. चर्चगेटपासून कल्याणपर्यंत लोकल जागच्या जागी थांबल्या. विद्यापीठाची परीक्षा पुढे ढकलावी लागली. शेजारची मुलगी मात्र बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली होती, कारण पुढे ढकलल्याचं कळायला तरी नेट हवं.

आमच्याकडे पंखा थांबला आणि इन्व्हर्टरवर परत फिरू लागला. डोंबिवलीकराला यात विशेष काही नाही. पण नेट गेलं ते गेलंच. माझा राउटर इन्व्हर्टरवर, पण केबलवाल्याचा स्विच गच्चीवरच्या पेटीत, जिन्याच्या मीटरवर. मोबाइलवरून पडदा परत उघडेपर्यंत दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

ठिपके लाल होत होते, पण एकदम नाही. आधी डोंबिवलीतल्या दोन शाखा, मग कळवा, मग कल्याण पश्चिम. थोड्या वेळाने कळलं की मी वीज जाण्याचा क्रम बघत नव्हतो. मी बॅटऱ्यांची वयं बघत होतो. ज्या शाखेने यूपीएसची बॅटरी तीन वर्षं बदलली नव्हती ती सात मिनिटांत गेली, नवी होती ती चाळीस मिनिटं तगली. कुठल्याच अहवालात ही यादी नव्हती. ती अंधाराने तयार करून दिली.

आणि या सगळ्यांच्याही आधी लाल झालं होतं वागळे. तिथे जनरेटर होता, तो चालूही झाला, सर्व्हर ठणठणीत होता. फायबर तुटलेली. गच्चीवरच्या वायरलेसचा प्लग साध्या सॉकेटमध्ये, जनरेटरच्या लाईनवर नाहीच. घर उजळलेलं, दार बंद. २३ शाखांपैकी ज्या तगल्या होत्या त्यांच्या हाकेला ओ देणारं कोणी नव्हतं. कोविडचे अहवाल अडकले. फोनवर फोन.

“सर, तुम्ही तर नऊला म्हणालात शांत आहे.”

सकाळी ११ आणि पुढे

जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. मंडळातून निवृत्त, मंडळ म्हणजे वीज मंडळ. तोंडाला मास्क, हातात ट्रान्झिस्टर. त्यांना मी माझी फायबरची कथा सांगितली. ते हसले नाहीत.

“एक गेली तर दुसरीवर, दुसरी गेली तर देवावर,” म्हणाले. “अरे, नियमच असतो. कुठलीही एक गेली तरी चाललं पाहिजे. मग एक गेली की काय करायचं?”

“दुरुस्त करायची.”

“ते नंतर. आधी भार कमी करायचा, नाहीतर दुसरी वाट उघडायची. एक गेल्या क्षणापासून तू नियमाबाहेर उभा असतोस. तुझ्या पडद्याला ते कळतं का?”

कळत नव्हतं. भारताच्या सगळ्यात मोठ्या अंधारातही हेच घडलं होतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताचं जाळं कोसळलं तेव्हा बीना-ग्वाल्हेरचं एक ४०० केव्ही सर्किट कामासाठी बंद होतं आणि भार दुसऱ्यावर होता. दुसऱ्या दिवशी ६० कोटींहून जास्त लोक ज्या भागात राहतात तिथली वीज गेली. अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ ला वेगळं झालं. ओहायोतल्या फर्स्टएनर्जीच्या नियंत्रण कक्षातलं अलार्मचं सॉफ्टवेअर दुपारी सव्वादोनच्या सुमारास अडकलं, भोंगेच वाजेनात, आणि जवळपास दोन तासांनी सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्यांचा पडदा आंधळा झाला होता, हे कारण सांगता येतं. माझा पडदा डोळस होता. फायबर तुटल्याची नोंद शनिवारपासून त्यात होती, तिच्यावर पांघरूण मी घातलं होतं.

हार्बर मार्गावर गाड्या आधी हलल्या. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग साडेबाराच्या सुमारास सुरू झाला. डहाणूच्या विजेवर अत्यावश्यक सेवांना सुमारे ३८५ मेगावॉट देत असल्याचं अदानी इलेक्ट्रिसिटीने दिवसा जाहीर केलं होतं. काही उपनगरांत वीज यायला रात्र झाली. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले. वागळे माझ्या पडद्यावर दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी हिरवं झालं, गच्चीवरच्या सॉकेटला वीज आल्यावर. बारा वाजता स्नूझ संपून फायबरचा भोंगा वाजला होता. त्या गदारोळात तो कोणी ऐकलाच नाही.

साडेचार महिन्यांनी

१ मार्च २०२१ ला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला दिला: यंत्रणेत १४ ट्रोजन हॉर्स शिरवले गेले असावेत, बाहेरून ८ जीबी बेहिशेबी डेटा आला असावा. आदल्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने चिनी हॅकरांची शक्यता छापली होती. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ही मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हे, असं सांगितलं. चहाच्या टपरीवर चीन जिंकला. शत्रू असला की गोष्ट रंगते. ‘एक सर्किट देखभालीत होतं’ या वाक्यात कसली आलीय रंगत? माझं मत कोणी विचारलं तर मी त्या रटाळ वाक्याच्या बाजूने आहे.

मुंबईत शिरणारी एक नवी मोठी वाट, खारघर-विक्रोळीची ४०० केव्ही वाहिनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली.

आमच्या पडद्यावर मी ऑक्टोबर २०२० च्या त्याच आठवड्यात एक रकाना वाढवून घेतला होता. त्यात रंग नाही, फक्त आकडा: त्या शाखेकडे जायच्या किती वाटा आत्ता उरल्यात. स्नूझ केलं तरी तो झाकला जात नाही. आज सकाळी २३ ठिपके हिरवे आहेत आणि कल्याण पश्चिमेसमोर १ आहे.