समलिंगी युतींचा आशीर्वादविधी (अँग्लिकन पंथातील वाद)

दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या एकनिष्ठ सहजीवनावर, विवाह न लावता, धर्मगुरूने ईश्वरी कृपा याचण्याचा उपासनाविधी. त्याच्या वैधतेवरून विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती संप्रदायांत तीव्र मतभेद झाले. अँग्लिकन पंथात त्यांची झळ विशेष लागली. कारण तेथे पोपसारखा सर्वाधिकारी नाही. घटक चर्च स्वायत्त असून लँबेथ परिषदेचे ठराव त्यांना कायद्याने बांधत नाहीत.

१९९८ च्या लँबेथ परिषदेने समलिंगी संबंध बायबलशी विसंगत ठरवून अशा युतींना आशीर्वाद देण्यास संमती नाकारली (५२६ विरुद्ध ७०). त्याच वर्षी कॅनडातील न्यू वेस्टमिन्स्टर धर्मप्रांताच्या धर्मसभेने आशीर्वादाच्या बाजूने कौल दिला, तो १७९ विरुद्ध १७० असा निसटता. बहुमत पुरेसे नसल्याने बिशप मायकेल इंगम यांनी अनुमती रोखली. २००१ मध्ये (२२६ विरुद्ध १७४) पुन्हा तेच घडले. २००२ मध्ये २१५ विरुद्ध १२९ मते पडल्यावर मात्र त्यांनी मान्यता दिली. विरोधी धर्मगुरूंना सदसद्विवेकानुसार अलिप्त राहण्याची मुभाही ठेवली. तरीही विरोधक सभात्याग करून गेले. त्यांत विख्यात धर्मशास्त्रज्ञ जे. आय. पॅकर होते. मे २००३ मध्ये व्हँकूव्हर येथे पहिला विधी झाला.

शास्त्र ज्याला पाप म्हणते त्यावर आशीर्वाद देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे विरोधकांचे म्हणणे. लेवीय व रोमकरांस पत्र यांतील वचनांपेक्षाही उत्पत्तीतील स्त्रीपुरुषयुग्माची कल्पना त्यांना निर्णायक वाटे. समर्थकांच्या मते त्या वचनांच्या कर्त्यांपुढे आजीवन निष्ठेची समलिंगी युती नव्हतीच. या शास्त्रार्थाइतकाच, किंबहुना अधिक, अवघड प्रश्न होता तो निर्णय कोणी करावा हा. आर्चबिशप रॉबिन ईम्झ यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या विंडसर अहवालाने (२००४) सार्वजनिक विधी थांबविण्याची सूचना केली. पण ती सूचनाच होती.

कॅनडाच्या सर्वसाधारण धर्मसभेने २००७ मध्ये असे आशीर्वाद मूलभूत धर्मतत्त्वांशी विसंगत नाहीत असे मान्य केले आणि लगेच धर्मप्रांतांना ते देण्याचा अधिकार नाकारला. धर्मगुरू व सामान्य सदस्य या दोन्ही गटांत प्रस्तावाला बहुमत होते. बिशपांच्या गटात तो १९ विरुद्ध २१ मतांनी पडला.

पॅकर ज्या सेंट जॉन्स (शॉनेसी) चर्चचे सदस्य होते, त्याने २००८ मध्ये धर्मप्रांत सोडला. वास्तूंच्या मालकीचा दावा न्यायालयात गेला. निकाल धर्मप्रांताच्या बाजूने लागला व २०११ मध्ये त्या उपासकांना आपले मंदिर सोडावे लागले. इंग्लंडच्या चर्चमध्ये डिसेंबर २०२३ पासून नियमित उपासनेत अशा जोडप्यांसाठी प्रार्थना म्हणण्यास परवानगी मिळाली. स्वतंत्र विधीचा प्रश्न मात्र त्या वेळी पुढे ढकलण्यात आला.