कापडी बांधणीवरील नक्षी

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पुस्तकांचे पुठ्ठे रंगीत कापडाने मढवले जात. चित्रकाराने आखलेली नक्षी पितळी ठशावर कोरली जाई आणि तो तापवलेला ठसा सोन्याच्या वर्खावरून यंत्राने कापडावर दाबला जाई, तर शाईच्या प्रत्येक रंगाला निराळा ठसा लागे. या कलेत मार्गारेट आर्मस्ट्राँग (१८६७–१९४४) यांचे स्थान अग्रगण्य आहे. हेन्री व्हॅन डाइक यांच्या पुस्तकांना त्यांनी दिलेले निळे कापड आणि त्यावरील सोनेरी फुलापानांची वेलबुट्टी यांमुळे त्या लेखकाची पुस्तके दुरूनही ओळखू येत. नक्षीत गुंफलेली आर्मस्ट्राँग यांची आद्याक्षरे या कामाला कर्तृत्वाचा मान मिळवून देत. पुढे छापील कागदी वेष्टनच ग्राहकाचे लक्ष वेधू लागल्यावर प्रकाशकांनी कापडावरील खर्च आवरता घेतला. पुस्तकाच्या देखणेपणाची ती हानी पुरती भरून निघालेली नाही.