इंद्रायणी भात
पुणे जिल्ह्यातील मावळाची ओळख ठरलेली भाताची सुधारित, सुवासिक जात. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ती विकसित झाली व १९८७ मध्ये प्रसारित झाली. आंबेमोहर सुवासिक, पण उंच वाढून लोळणारा. आयआर-८ बुटका व भरघोस उत्पन्नाचा. भातातील सुगंध आणि असा बुटकेपणा हे प्रामुख्याने अप्रभावी जनुकांचे गुण. संकराच्या पहिल्या पिढीत ते झाकले जातात, दुसऱ्या पिढीपासून काही रोपांत पुन्हा प्रकटतात. तेथूनच निवड सुरू होते. लोणावळा परिसरातील भरपूर पाऊस आणि पाणी धरणारी खाचरे या पिकाला मानवतात. शिजलेला भात मऊ, किंचित चिकट होतो. भात स्वपरागी असल्याने शुद्ध राखलेले घरचे बियाणे पुढच्या हंगामात पेरता येते.