विमानतळावरील प्रवासी सुरक्षा तपासणी

विमानात चढण्यापूर्वी प्रवाशाचे शरीर, हातातील सामान आणि विमानाच्या पोटात जाणारे सामान यांची शस्त्रे, स्फोटके व ज्वालाग्राही पदार्थ यांच्या शोधासाठी होणारी सक्तीची तपासणी. भारतात तिचे नियम नागर विमानन सुरक्षा ब्यूरो ठरवतो आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान ती करतात. तिचा खर्च तिकिटातून वसूल होतो. २०२१ च्या एप्रिलपासून देशांतर्गत प्रवासासाठी हे सुरक्षा शुल्क माणशी २०० रुपये ठरले. ही तपासणी उपयोगाची आहे की प्रवाशाच्या खाजगीपणावर विनाकारण घाला घालते, हा जगभरचा वाद आहे. पनवेल तालुक्यात नवा विमानतळ सुरू झाल्यापासून रायगडकरांसाठी हा वाद घराजवळचा झाला आहे.

पनवेल आणि नवी मुंबई विमानतळ

पनवेल तालुक्यात उलवे परिसरात सुमारे १,१६० हेक्टरांवर नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि उलवे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, ओवळे, तरघर आदी गावांतील कुटुंबांचे पुनर्वसन झाले. भूमिपुत्रांच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टर्मिनलची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे. सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ती ९ कोटींवर जाईल. सुरक्षेची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. पेण, अलिबाग, महाड आणि तळकोकणातल्या अनेक कुटुंबांचा पहिला विमानप्रवास इथूनच होणार असल्याने तपासणीचा पहिला अनुभवही त्यांना इथेच येईल.

इतिहास

भारतातील तपासणीची व्यवस्था एकेका आघातानंतर घडत गेली. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ अटलांटिकवर स्फोटाने फुटले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. कॅनडातून लंडन, दिल्लीमार्गे मुंबईला यायचे हे विमान होते. पुढे १ एप्रिल १९८७ रोजी वरील कक्षाचे रूपांतर स्वतंत्र ब्यूरोत झाले.

विमानतळांवरील तपासणी त्या काळी राज्य पोलिसांकडे असे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे आयसी ८१४ विमान पळवून कंदाहारला नेले गेले आणि तीन दहशतवाद्यांना सोडून देण्याच्या बदल्यात ओलीस सुटले. त्यानंतर केंद्र सरकारने हे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर हा या दलाकडे आलेला पहिला विमानतळ ठरला. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर जगभर नियम कडक झाले. त्याच वर्षी डिसेंबरात बुटात स्फोटके लपवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातून अमेरिकेत बूट काढण्याचा नियम आला. तो जुलै २०२५ मध्ये मागे घेतला गेला. पेयांतून स्फोटके नेण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आला. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, ती त्यामुळे.

तपासणीची रीत

भारतात तपासणी टर्मिनलच्या दारातच सुरू होते. तिथे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो, म्हणून सोडायला आलेली मंडळी बाहेरच थांबतात. बोर्डिंग पास घेतल्यावर मुख्य तपासणी येते. हातातली बॅग, मोबाइल, पट्टा, लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवून क्ष-किरण यंत्रातून जातात. प्रवासी धातुशोधक चौकटीतून जातो आणि नंतर जवान हातातले यंत्र अंगाभोवती फिरवतो. स्त्रियांची तपासणी पडद्याआडच्या कक्षात महिला जवानच करतात. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे यांनी यंत्र वाजले की त्या हाताने चाचपून खात्री करून घेतात.

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर वस्तू रंगांत दिसतात. सेंद्रिय पदार्थ नारिंगी, जड धातू निळे आणि दोहोंच्या मधले हिरवे. स्फोटकेही बहुधा नारिंगीच दिसतात. डब्यात दाबून भरलेले डिंकाचे लाडू, साबणाच्या वड्या किंवा जाड पुस्तके नारिंगीच दिसत असल्याने बॅग बाजूला निघते आणि उघडावी लागते. त्यात प्रवाशावरच्या संशयाचा भाग नसतो. पडद्यासमोर बसलेल्याची नजर ढिली पडू नये म्हणून यंत्र मधूनच एखाद्या बॅगेच्या चित्रात पिस्तुलाचे किंवा बाँबचे खोटे चित्र मिसळते आणि ते त्याने पकडले का याची नोंद ठेवते. नजर थकते हे गृहीत धरूनच ही माणसे थोड्या थोड्या वेळाने बदलली जातात.

संशय टिकला तर बॅगेची मूठ, चेन आणि आतला अस्तराचा भाग यांवरून कापडाची किंवा कागदाची छोटी पट्टी फिरवतात आणि ती स्फोटकांचे कण ओळखणाऱ्या यंत्रात घालतात. काही सेकंदांत उत्तर मिळते. अंगाला फारसा हात न लावता होणारी ही चाचणी धातू नसलेली स्फोटकेही शोधते, जे धातुशोधक चौकटीला जमत नाही.

काही नियम मालाच्या स्वभावावरून ठरले आहेत. पॉवर बँकेतील लिथियम बॅटरी पेटली तर विझवायला माणूस जवळ हवा, म्हणून ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते. सुक्या खोबऱ्यात तेल असल्याने ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडते, म्हणून ते नेण्यास मनाई आहे. कोकणी माणसाला ही मनाई हमखास चकित करते. नियम कारणासह वाकवताही येतात. शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडी या पूजेच्या गाठोड्यातील नारळ केबिनमध्ये नेण्याची सवलत ब्यूरोने २०२४-२५ च्या हंगामापुरती दिली होती. देशांतर्गत विमानांत शीख प्रवाशांना १५.२४ सेंटीमीटरपर्यंत पात्याचे कृपाण बाळगता येते. नांदेडच्या हजूर साहिबला येणाऱ्या भाविकांच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल मोठे आहे.

परिणामकारकता

तपासणीचा पहिला उपयोग धाक बसवण्याचा. पिस्तूल घेऊन विमानात चढणे १९७० च्या दशकात जितके सोपे होते तितके आज राहिलेले नाही. कट रचणाऱ्याला अधिक साथीदार, अधिक गुंतागुंतीचे साहित्य आणि अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो गुप्तचरांच्या हाती लागण्याची शक्यता वाढते. म्हणून तपासणी निरर्थक आहे हे म्हणणे टिकत नाही.

मात्र इतिहासातील मोठ्या घातपातांकडे बारकाईने पाहिले तर प्रवाशाच्या अंगाची झडती नेमकी कुठे अपुरी पडते ते स्पष्ट होते. ‘कनिष्क’मधील बाँब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. टोरोंटोत सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले होते आणि हातातल्या साध्या यंत्रावर काम भागवले गेले. अशा वेळी बॅग व प्रवासी यांची जुळणी हवी. प्रवासी आला नाही तर त्याची बॅग उतरवायलाच हवी. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन ॲमच्या ७३ क्रमांकाच्या विमानावर कराचीत हल्ला झाला. हल्लेखोर सुरक्षारक्षकांच्या वेशात गाडीतून थेट विमानापर्यंत पोहोचले. प्रवाशांचे प्राण वाचवताना त्या विमानातील हवाई सेविका नीरजा भनोत यांनी वीरमरण पत्करले आणि त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. तिथे प्रवाशांची कितीही कडक झडती उपयोगी पडली नसती. धावपट्टीकडच्या फाटकावर राखण हवी होती. २००१ च्या हल्लेखोरांकडे तेव्हाच्या नियमांत बसणारी छोटी पाती होती. त्यानंतरची सर्वांत परिणामकारक सुधारणा म्हणजे आतून बंद होणारा मजबूत कॉकपिटचा दरवाजा, आणि त्यासाठी कुणाच्याही अंगाला हात लावावा लागत नाही.

तपासणीच्या मर्यादा सरकारी चाचण्यांतूनही पुढे आल्या. २०१५ मध्ये अमेरिकेत खोटी शस्त्रे व स्फोटके घेऊन गुप्त चाचण्या घेतल्या गेल्या. त्यांतील ७० पैकी ६७ प्रयत्नांत तपासणी करणाऱ्यांना काहीच सापडले नाही, अशी बातमी फुटली आणि यंत्रणेच्या प्रमुखांची बदली झाली. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी सुरक्षिततेचा भास देणाऱ्या पण सुरक्षितता न वाढवणाऱ्या उपायांवर याच मुद्द्यावरून टीका केली आहे.

भारतातही दिखाऊ उपाय बंद झाल्याचे उदाहरण आहे. हातातल्या प्रत्येक पिशवीला टॅग बांधायचा, त्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि तो विमानाच्या शिडीपाशी पुन्हा दाखवायचा, अशी सक्ती होती. टॅग विसरला की प्रवासी पुन्हा रांगेत. १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्ली आदी सात विमानतळांवर शिक्के बंद झाले, कारण कॅमेरे आणि तपासणीची चोख रचना तेच काम अधिक नीट करत होती. प्रवाशांचा त्रास कमी झाला, सुरक्षेला बाधा आली नाही.

खोट्या धमक्यांचा प्रश्न वेगळा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये काही दिवसांत देशातल्या शेकडो विमानांना बाँबच्या खोट्या धमक्या आल्या. त्यांवर झडतीचा उपाय चालत नाही, कायदा आणि शोधयंत्रणाच लागते. डिसेंबर २०२४ मध्ये विमान सुरक्षा नियमांत दुरुस्ती करून अशा धमक्यांसाठी दंडाची कडक तरतूद केली गेली.

खाजगीपणा आणि मानमर्यादा

तपासणीचा त्रास सर्वांना सारखा होत नाही. कृत्रिम पाय, पेसमेकर, शरीरात बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, पगडी, व्हीलचेअर किंवा गरोदरपण असलेल्या प्रवाशांवर त्याचा भार अधिक पडतो. नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये एक चित्रफीत प्रसिद्ध करून सांगितले की विमानतळावर त्यांना वारंवार कृत्रिम पाय काढायला लावतात. स्फोटक कणांची चाचणी करा, पाय काढायला लावू नका, अशी त्यांची विनंती होती. सुरक्षा दलाने माफी मागितली आणि नियमानुसार अपवादात्मक परिस्थितीतच कृत्रिम अवयव काढायला सांगता येतो, हेही स्पष्ट केले. म्हणजे नियम आधीपासूनच माणुसकीचा होता, तो रांगेपर्यंत पोहोचला नव्हता.

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना झडतीतून सूट होती. तरी एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची झडती घेतली. संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली, पण कलामांनी स्वतः तक्रार केली नाही. झडती सर्वांना समान असेल तर मोठ्या माणसाचाही मान तिने कमी होत नाही. एकाला वगळून दुसऱ्याला खोळंबवले की ती जाचते.

यंत्रांचाही विचार करावा लागतो. क्ष-किरणांवर चालणाऱ्या सुरुवातीच्या शरीर स्कॅनरांच्या पडद्यावर प्रवाशाचे शरीर जवळजवळ उघडे दिसे, म्हणून अमेरिकेने २०१३ पर्यंत ते हटवले. मिलिमीटर लहरींवर चालणारे नवे स्कॅनर एक ठोकळेवजा आकृती दाखवतात आणि संशयाची जागा तिच्यावर खुणावतात. २०१९ मध्ये ब्यूरोने भारतीय विमानतळांवर शरीर स्कॅनर बसवण्याचे निर्देश दिले. असे यंत्र धातू नसलेली वस्तूही शोधते आणि हाताने चाचपण्याची गरज घटवते. म्हणून ते सुरक्षा व लाज या दोन्हींच्या बाजूचे आहे.

ओळख पटवणारी डिजियात्रा सेवा १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसी येथून सुरू झाली. चेहऱ्यावरून ओळख पटल्यावर कागद दाखवावे लागत नाहीत. सेवा ऐच्छिक आहे. परंतु रांगेत पुरेशी माहिती न देता चेहरा टिपून घेतल्याच्या तक्रारी झाल्या. चेहरा ओळखणे म्हणजे शस्त्र शोधणे नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालाने कसोटी दिली : राज्याच्या हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि हस्तक्षेप हेतूच्या प्रमाणात हवा. विमानतळावरची प्रत्येक पायरी याच मापाने मोजायला हवी.

मूल्यमापन

तपासणी हवीच. मात्र सुरक्षेचा मोठा वाटा प्रवाशाला न दिसणाऱ्या कामांतून येतो : बॅगेची प्रवाशाशी जुळणी, फाटकांवरील राखण, कॉकपिटचा दरवाजा, गुप्तवार्ता, यंत्रांची देखभाल आणि ताजी नजर असलेली माणसे. ज्या गोष्टी प्रवाशाला सर्वाधिक खुपतात, त्यांतल्या अनेक सुरक्षेत सर्वांत कमी भर घालतात. त्यामुळे मानमर्यादा जपली तर सुरक्षा ढिली होते, ही समजूत चुकीची आहे. घाबरलेला, अवघडलेला प्रवासी रांग अडवतो आणि जवानाचे लक्ष खऱ्या धोक्यावरून उडते.

पनवेलच्या विमानतळाला हे सुरुवातीपासून नीट बसवण्याची संधी आहे. तपासणीच्या जागी मराठीत मोठ्या अक्षरांत हक्कांची पाटी लावावी : स्त्रीची झडती स्त्रीच घेईल, कृत्रिम अवयव सहसा काढायला लावणार नाहीत, एकांतात झडती मागता येईल, चेहरा टिपून देणे ऐच्छिक आहे. अपंग आणि वृद्ध प्रवाशांसाठी प्रशिक्षित जवानांची वेगळी रांग ठेवावी. गुप्त चाचण्यांचे तपशील गोपनीय राहोत, पण त्यांत यश किती हे वर्षातून एकदा संसदेला सांगावे. रांगेतला प्रत्येक जण सुरक्षेचे पैसे मोजतो. त्या पैशांत सुरक्षितता आणि सन्मान दोन्ही मिळणे हा त्याचा हक्क आहे.